दीड अंशाची भिंत

कुत्र्याच्या लघवीच्या पिशवीतून काढलेले खडे कधी तळहातावर घेतलेत तुम्ही? नसतीलच. कशाला घ्याल! मी मात्र एकतीस वर्षं घेत आले. माण तालुक्यातल्या एका जनावरांच्या दवाखान्यात माझी सगळी नोकरी गेली, आणि आमच्याकडचं बोअरचं पाणी असं जड की माणूस काय आणि कुत्रं काय, खडे सगळ्यांच्या पाचवीला पुजलेले. काही वाळूसारखे बारीक, काही हरभऱ्याएवढे. एका कुत्रीच्या पोटातून तर मी चिंचोक्याएवढे सतरा काढले होते. जनावर बिचारं पाय फाकवून उभं राहतं, जोर लावतं, थेंब थेंब रक्त येतं आणि मालक सांगतो, "मॅडम, कालपासनं ह्यो नुसताच झाडापाशी हुबा राहतुया." वाट पुरती बंद झाली की दोन-तीन दिवसांत खेळ खलास.

खडे मुख्यतः दोन जातींचे, एवढं ध्यानात ठेवा म्हणजे पुढचं कळेल. एक जात जंतूंच्या लागणीतून होते. तिला औषध आणि पथ्याचं खाणं दिलं की महिन्या-दीड महिन्यात विरघळते. दुसरी जात कॅल्शियम ऑक्झलेटची. ही महाहट्टी! पथ्य करा, पाणी पाजा, नवस बोला, ढिम्म हलत नाही. तिला सुरीच लागते. पोट उघडायचं, पिशवी उघडायची, खडे वेचायचे, शिवायचं, आणि वर्षभरात पुन्हा तेच.

माझा थोरला भाऊ बिरुदेव. त्याचा भैरू नावाचा कारवान कुत्रा होता, उंच, बारीक कमरेचा, मेंढरांमागं वाऱ्यासारखा पळणारा. त्याचं पोट मी दोनदा फाडलं होतं. तिसऱ्यांदा दादा त्याला उचलून घेऊन आला तेव्हा टेबलावर ठेवताच भैरू माझा हात चाटायला लागला. एवढं फाडलं तरी ह्याचा जीव माझ्यावरच! मला रडूच आलं. दादा म्हणाला, "वैजे, आता सुरी नगं गं. बरा व्हत नसंल तर तसं सांग, पर सुरी नगं."

सुरी नको म्हणूनच मी पाथरवट आणला.

२०३६ सालची गोष्ट. पुण्यातल्या एका संस्थेनं आतड्यात राहणारा एक साधा, निरुपद्रवी जंतू घेतला आणि त्याला दोन कामं शिकवली. पहिलं, मूत्रमार्गात जाऊन खड्याला चिकटायचं. दुसरं, असा एक द्राव पाझरायचा की खड्यातलं कॅल्शियम सुटून लघवीवाटे वाहून जाईल. संस्थेच्या कागदावर त्याचं नाव लांबलचक होतं, पण आमचे लोक त्याला पाथरवट म्हणायला लागले आणि तेच चिकटलं. बारीक नळीनं एकदा पिशवीत सोडायचा, बस्स. कुत्रं जगेल तोवर तो आत बसून नवा खडा धरूच देत नाही.

आता तुम्ही विचाराल, हा जंतू माणसात शिरला तर? आम्हीही तेच विचारलं. त्यावर संस्थेची युक्ती अशी सुरेख होती की मी टाळी वाजवायची तेवढी बाकी राहिली. निरोगी कुत्र्याचं अंग आपल्यापेक्षा गरम असतं. आपण सदतीस अंश, कुत्रं साडेअडतीस. पाथरवटाच्या शरीरात एक प्रथिन असं घातलं होतं की ते अडतीसच्या वर घट्ट राहतं आणि त्याखाली आलं की उसवतं. ते उसवलं की जंतू फुटून मरतो. जमिनीवर पडला, मेला. माणसाच्या पोटात गेला, तीन तासांत मेला. डॉ. ईशानी बर्वे म्हणून तिथल्या मुख्य बाई होत्या, हुशार आणि मनानं चांगल्या. त्या म्हणायच्या, "आपल्या आणि कुत्र्यांच्या मध्ये दीड अंशाची भिंत आहे, कोकरे मॅडम. ती निसर्गानंच बांधलीय, आम्ही फक्त वापरली."

तालुक्यातल्या दोनशे बारा कुत्र्यांवर चाचणी करायची आणि ती मी करायची असं ठरलं. प्रत्येक कुत्र्यामागं एक फॉर्म. पुण्यात बैठकीला आम्ही सात-आठ डॉक्टर बसलो होतो आणि बर्वेबाई एकेक प्रश्न वाचत होत्या. तेविसावा प्रश्न आला: घरातील कोणी कुत्र्याच्या भांड्यात, कुत्र्यासोबत जेवते का?

सगळे हसले. बर्वेबाईही हसल्या. "नीतिसमितीनं घालायला लावलाय हो! असं कोण करतंय? 'नाही'वर खूण करा आणि पुढं चला."

मीही हसले. आणि दोनशे बारा फॉर्मांवर 'नाही' लिहिलं.

खोटं लिहिलं. आमच्या घरात जेवतात. वर्षातून एकदा, चंपाषष्ठीला. आम्ही धनगर, आमचा देव खंडोबा आणि कुत्रं देवाच्या सोबतीचं. सहा दिवसांचं नवरात्र संपलं की तळी उचलायची, येळकोट करायचा, वांग्याचं भरीत आणि बाजरीचा रोडगा कोटंब्यात, म्हणजे देवाच्या लाकडी चौकोनी भांड्यात, वाढायचा. पहिलं तोंड कुत्र्यानं लावायचं. मग घरातल्या थोरल्या पुरुषानं गुडघ्यावर बसून, हात न लावता, भुंकत त्याच भांड्यातून खायचं. देवापुढं माणसानं कुत्रं व्हायचं. लहानपणी मला ते बघताना अंगावर काटा यायचा, इतकं आवडायचं. मग शाळेत गेले. 'हिचा बाप कुत्र्यासंगं जेवतो' हे एका पोरीनं वर्गात सांगितलं आणि त्या दिवसापासून मी ते कुणालाही, अगदी कुणालाही सांगितलं नाही. पंचावन्न वर्षांची डॉक्टर बाई मी, आणि त्या बैठकीत परत ती दहा वर्षांची पोरगी झाले. कप्पाळ माझं!

भैरूला श्रावणात पाथरवट सोडला. दिवाळीपर्यंत त्याच्या पिशवीत खड्याचा कणही उरला नाही. दादानं मला घरी बोलावून भैरूला अंगणात पळवून दाखवलं आणि पोरासारखा खिदळला.

चंपाषष्ठीला मी माहेरी गेले तर दादा तापानं फणफणलेला. चार दिवस झाले म्हणे. हौसावहिनीनं दारातच मला धरलं. "वन्सं, तुमी तरी सांगा. डोळं बगा कसं झाल्यात. औंदा कोटंबा दुसऱ्या कुनी घेतला तर काय देव कोपंल?"

दादा आतून ओरडला, "देवाच्या ताटाला ताप लागत न्हाय गं! गप बस."

मी थर्मामीटर लावला. एकोणचाळीस. आणि मी काय म्हणाले ठाऊक आहे? म्हणाले, "दादा, भैरूच्या वर गेलास की रे! आता भुंकायलाच लाग."

सगळे हसले. तळी उचलली. भैरूनं कोटंब्यात तोंड घातलं, दोन घास खाल्ले, मधेच खाली बसून स्वतःची मागची बाजू चाटली, परत खाल्ले. कुत्री करतातच तसं. मग दादा गुडघ्यांवर बसला, भुंकला आणि त्याच भरितात त्यानं तोंड घातलं. माझ्या डोक्यात तेव्हा काहीतरी चमकायला हवं होतं. शिकलेली मी, भिंतीचं गणित पाठ असलेली मी. नाही चमकलं. मी बाजूला बसून माझ्या पानातला रोडगा खात होते.

दादाचा ताप अकरा दिवस चालला आणि हळूहळू उतरला. हे हळूहळू फार महत्त्वाचं आहे. तो एकदम उतरला असता तर सगळे पाथरवट एका दिवसात मेले असते. पण आज साडेअडतीस, उद्या अडतीस, परवा पावणेअडतीस, मग साडेसदतीस. करोडो जंतूंत दोन-चार असे असतातच की ज्यांचं प्रथिन जरा कमी उष्णतेतही टिकतं. दर दिवशी बाकीचे मेले आणि ते दोन-चार वाढले. अकराव्या दिवशी दादाचं अंग सदतीसवर आलं तेव्हा आत उरलेले सगळे सदतीसला सरावलेले होते. आम्ही प्रयोगशाळेत चार वर्षं धडपडलो असतो तरी इतकी चोख निवड जमली नसती.

हे सगळं मला मागाहून कळलं. तेव्हा कळलं ते एवढंच की संक्रांतीला दादाचा फोन आला, आवाजात आनंद मावत नव्हता. "वैजे, माझा मुतखडा गेला! सा वर्सं कळा सोसल्या, सोनोग्राफीत आता कायच न्हाय! डाक्टर पन चाट पडला. देवाचा परसाद गं, दुसरं काय!"

"पाणी जास्त पीत असशील," मी म्हणाले. बस, एवढंच. मला बरं वाटलं होतं.

दादाचा मुतखडा गेला ही बातमी वस्तीत फिरली, मग गावात, मग शेजारच्या दोन गावांत. मुतखडा नाही असं घर आमच्याकडं शोधून सापडायचं नाही. पौषातल्या एका रविवारी दोघं आले, "आमालाबी कोटंब्यातलं द्या" म्हणून. दादानं भैरूला आधी खाऊ घातलं, मग त्यांना दिलं. तीन आठवड्यांत त्यांच्या कळा थांबल्या. मग काय विचारता! दर रविवारी माणसं यायला लागली, आंघोळ करून, हळद-भंडारा लावून, गुडघ्यावर बसून कुत्र्याच्या उष्ट्याला तोंड लावायला. दादाच्या अंगात सदतीसला सरावलेले जंतू होते, आणि तो रोज हातानं कालवून भैरूला घालत होता, म्हणजे ते भैरूच्या तोंडातही परत गेले होते. आता येणाऱ्याला ताप असण्याची गरजच उरली नव्हती.

मी एकदा त्याला रागावले, "दादा, हे काय खूळ काढलंस? लोक हसतील."

तो पायरीवर बसला होता. डोक्याचं पागोटं काढून मांडीवर ठेवलं आणि म्हणाला, "ह्या गावानं मला आजवर मेंढक्या म्हनूनच वळखलं, वैजे. कुनाच्या वट्यावर चडाय मिळालं न्हाय. आज गुर्जी माझ्या पाया पडून जात्यात. तुला का टोचतंय?"

मला टोचत होती ती लाजच. दुसरं काही नव्हतं, हे मी कबूल करते.

फाल्गुन लागला आणि दादाची बोटं वळायला लागली. मी घरी गेले तर तो ओसरीवर उजवा हात डाव्या हातानं दाबत बसला होता. बोटं एकत्र, अंगठा आत, मनगट वाकलेलं. गाईची धार काढताना हात धरतात तसा हात, पण सुटत नव्हता. दोन मिनिटांनी सुटला. "थंडीनं हुतंय," तो म्हणाला. फाल्गुनात कसली थंडी!

ही खूण मी हजार गाईंत बघितलेली. व्यायल्यानंतर गाईच्या रक्तातलं कॅल्शियम एकदम दुधात उतरतं, मग ती थरथरते, मान टाकून बसते. शिरेत कॅल्शियम दिलं की तासाभरात उठून उभी राहते. दादाचं कॅल्शियम कुठं जात होतं? मी त्याची लघवी बाटलीत घेतली, दवाखान्यात आणली आणि झाकणाच्या काचेच्या बशीत सदतीस अंशांवर वाढायला ठेवली. पाथरवट ओळखू यावा म्हणून संस्थेनं त्याला एक खूण दिली होती: ठरावीक मिश्रणावर तो निळे ठिपके धरतो. सदतीस अंशांवर ठिपके पडायलाच नको होते.

बुधवारी सकाळी झाकण काढलं तर सगळी बशी निळी.

मी खुर्चीवर बसले आणि एका क्षणात सगळं ओळीनं दिसलं. चंपाषष्ठी, ताप, कोटंबा, अकरा दिवस. खडा होता तोवर पाथरवट खडा खात होता. खडा संपला, पण त्याला थांबायचं शिकवलंच नव्हतं. कुत्र्यात तो पिशवीतच राहतो; दादाच्या अंगात मात्र तो वर मूत्रपिंडापर्यंत चढला होता, आणि त्याचा द्राव आता तिथून रक्तातलं कॅल्शियम ओढत होता, आणि शरीर ती तूट हाडांतून भरून काढत होतं. हाडं किती दिवस पुरणार? आणि रक्तातलं फार उतरलं तर हृदयच थांबतं.

फोन हातात होता. बर्वेबाईंचा नंबर समोर होता. पहिला प्रश्न काय येणार हे मला ठाऊक होतं: जंतू तोंडात गेलाच कसा, कोकरे मॅडम? तुम्ही तर 'नाही' लिहिलंय.

मी फोन खाली ठेवला. स्वतःला सांगितलं, एका बशीवरून काय ठरतं? परत तपासू. खात्री करून घेऊ. दादाला कॅल्शियमच्या गोळ्या सुरू करू. माणूस स्वतःला काय काय सांगतो हो!

शनिवारी दादाकडं गेले. म्हणाले, "उद्याचं बंद ठेव. भैरूला तपासायचाय."

"काय झालंय त्येला?"

"काही नाही. तपासायचाय नुसता."

"अकरा जन यायची हायती. त्येंना काय सांगू?"

"भैरू आजारी आहे सांग."

"देवाच्या कुत्र्यावर खोटं बोलू?" तो माझ्याकडं असा बघत राहिला की माझीच मान खाली गेली. "खरं काय आसंल तर सांग, वैजे. आत्ता बंद करतो."

खरं सांगितलं असतं तर त्यानं खरोखर बंद केलं असतं. माझा भाऊ असा आहे. पण माझी जीभ रेटेना. दोनशे बारा फॉर्म, माझी नोकरी, पेपरात छापून येणारं नाव, आणि त्या सगळ्यांखाली ती वर्गातली पोरगी. मी म्हणाले, "काही नाही, राहू दे."

रविवारी सकाळी मी तिथंच होते. अकरा माणसं आली. त्यांत नंदा होती, एसटीत कंडक्टर, बत्तीसेक वर्षांची, बोलघेवडी. तिचं मांजर माझ्याकडं यायचं. ओळीत उभी होती तिथून माझ्याकडं आली आणि हळूच म्हणाली, "मॅडम, तुम्ही डॉक्टर. खाऊ का हो? कळा सोसत नाहीत. दिवसभर उभं राहायचं, लघवीला जायला मिळत नाही. पण कुत्र्याचं उष्टं, मन धजत नाही. तुम्ही म्हणाल तर खाते, नको म्हणाल तर घरी जाते."

अजून काय सोपं करून द्यायचं माणसानं?

मी म्हणाले, "तुझं तू बघ बाई."

ती हसली. "म्हणजे चालतंय!" असं म्हणाली, जाऊन गुडघ्यावर बसली, आणि खाल्लं.

त्याच्या पुढच्या गुरुवारी दादानं पाण्याची कळशी उचलली आणि त्याची मांडी मोडली. कळशी उचलताना! धडधाकट धनगर, रोज वीस किलोमीटर चालणारा. साताऱ्याच्या दवाखान्यात नेलं तेव्हा क्ष-किरणात हाडं धुरकट दिसत होती. तिथल्याच जिन्यात उभं राहून मी बर्वेबाईंना फोन केला आणि कोटंब्याचं, रविवारचं सांगितलं. फॉर्मचंसुद्धा. त्यांनी एवढंच विचारलं, "किती जणांनी खाल्लंय?"

त्रेसष्ट. नावं काढली, घरं शोधली, सगळ्यांच्या लघव्या तपासल्या. एकोणीस जणांच्या बश्या निळ्या झाल्या. बाकीचे का वाचले ते आजही नीट सांगता येत नाही. औषधं दिली, पण पाथरवट मूत्रपिंडाच्या अस्तरात दडून बसतो. औषधानं कमी होतो, संपत नाही. रोज शिरेतून कॅल्शियम चढवायचं, तो रोज ओढून नेणार. बर्वेबाई पुण्याहून येऊन गावातच राहिल्या. मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

सरकारी हुकूम आला: पाथरवट सोडलेली सगळी कुत्री. हुकुमात 'मारा' असा शब्द नव्हता, दुसराच कुठलातरी गुळगुळीत शब्द होता. दोनशे बारा कुत्री, बहुतेक मीच बरी केलेली, मी दिसले की शेपूट हलवणारी. आठ दिवसांत संपवली. मालकांनी शिव्या दिल्या, एकीनं माझ्या अंगावर शेण फेकलं, मी पुसलं नाही. भैरूला मीच इंजेक्शन दिलं. नंतर पोट उघडून तपासावं लागलं. लघवीची पिशवी आरशासारखी स्वच्छ होती, एक कण नाही. माझ्या सगळ्या नोकरीत इतकी चांगली पिशवी मी बघितली नव्हती.

एकोणीसमधले चार गेले. दोन म्हातारे होते, एक शाळेत माझ्या वर्गातली होती, सुंदरा. आणि नंदा. रोजचं कॅल्शियम चढवून ती ड्यूटीवर जायची, "घरी बसून काय करू" म्हणायची. भर दुपारी, भरलेल्या गाडीत तिकिटाचं मशीन हातात असताना तिचा हात आखडला आणि ती पडली. ड्रायव्हरनं गाडी सरळ दवाखान्यात घातली. उपयोग झाला नाही.

दादा पलंगाला खिळला. दोन्ही हात आखडलेले, मनगटं छातीशी वळलेली, घास उचलता येत नव्हता. पाच आठवडे रोज दुपारी मी त्याला माझ्या हातानं भरवत होते. आमची आई लवकर गेली. मी चार वर्षांची असताना तोच मला भरवायचा, असं तो पलंगावर पडून नर्सला सांगायचा. नंदाची बातमी आम्ही त्याच्यापासून लपवली होती, पण शेजारच्या पलंगावरच्या माणसाच्या पाहुण्यानं सांगितली.

त्या दुपारी मी मऊ भात वरण कालवून गेले तर तो छताकडं बघत होता. हौसावहिनी उशाशी बसून डोळे पुसत होती.

"माझ्या पापानं गेली गं पोरगी," तो म्हणाला. "तापाच्या अंगानं, पारोशा तोंडानं म्या देवाच्या ताटाला तोंड लावलं. तवाच देव रुसला. पयल्यांदा ग्वाड दावलं आन मंग असं केलं. हिनं सांगितलं हुतं, ऐकलं न्हाय. चार जीव, वैजे. माझ्या हातनं वाढलं म्या त्येंना."

"तसं नाही, दादा."

"तसंच हाय. तू डाक्टर हायस, तुला न्हाय कळायचं ह्ये."

मी गप्प बसू शकले असते. जंतू कुठून आला, हे त्याला बर्वेबाईंनी समजावून सांगितलं होतं, पण बुधवारची बशी कुणालाच ठाऊक नव्हती. फोनवर मी 'आत्ताच कळलं' म्हटलं होतं. कुणी विचारणारही नव्हतं. तो हे पाप आपल्या डोक्यावर घेऊन गेला असता, आणि माझं पाप माझ्यापाशी राहिलं असतं. तसंच ठरवलंही होतं मी. पण तो रडायला लागला. आखडलेल्या हातांनी डोळे पुसता येत नव्हते, पाणी कानात जात होतं. माझा दादा, ज्यानं आयुष्यात देवाच्या कुत्र्याबद्दलसुद्धा खोटं बोलायचं नाकारलं!

"मला ठाऊक होतं, दादा," मी म्हणाले. "तुझ्या लघवीत ते निळं आलं होतं. मी बघितलं होतं. तुला बंद ठेव म्हणाले, पण का ते सांगितलं नाही. पुण्याच्या लोकांना आपल्या कोटंब्याचं सांगायची मला लाज वाटली."

वहिनीचं रडणं थांबलं.

"कवा बगितलं?" दादानं विचारलं.

"बुधवारी."

"ऐतवारच्या आदी?"

"हो."

तो माझ्याकडं बघत होता. राग नव्हता त्याच्या डोळ्यांत. मी राग शोधत होते, तो असता तर मी सोसला असता.

"नंदानं तुला इचारलं हुतं," तो म्हणाला. "म्या लांबनं बगितलं. मला वाटलं, तूच तिला धीर दिलास."

हातातला भात निवत चालला होता. मी घास केला आणि त्याच्या तोंडाशी नेला. त्यानं तोंड उघडलं नाही. थोडा वेळ मी हात तसाच धरून ठेवला. भाताचं पाणी माझ्या मनगटावरून खाली ओघळलं.

हौसावहिनी उठली. माझ्या हातातली वाटी तिनं काढून घेतली, पदरानं त्याचे कान आणि गाल पुसले, आणि नवा घास केला. तिच्या हातचं त्यानं खाल्लं.

मी बाहेर बाकावर जाऊन बसले. अजून रोज जाते, तिथंच बसते. रिकामी वाटी घेऊन वहिनी बाहेर येते तेव्हा आज चार घास गेले, आज सहा गेले, एवढं सांगते.